गोल झाला की नेमका कॅमेरा बंद : हॉकीच्या गोलवर लावलेल्या घरगुती कॅमेऱ्याचा पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे की दुसरा, ते लगेच कळेल. सामना सुरू होताना कॅमेरा नीट चालू होतो. लाल दिवा लुकलुकत असतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं काही अडचण नाही. मग डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, टोकावरून कुणीतरी जोरात फटका मारतं, चेंडू गोलच्या मागच्या फळीवर ठाकदिशी आदळतो, पोरी ओरडत एकमेकींना मिठ्या मारतात. रात्री घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावावं, तर त्या क्वार्टरची, म्हणजे सामन्याच्या त्या पंधरा मिनिटांच्या भागाची, फाइल उघडत नाही. ‘ही फाइल प्ले करता येत नाही’ एवढीच ओळ येते. आणि त्यानंतरचं काही रेकॉर्डच झालेलं नसतं.

ज्या क्वार्टरमध्ये गोल झाला नाही, त्याची फाइल मात्र धडधाकट. पंधरा मिनिटं रिकामा गोल, मागे धावणाऱ्या पोरी, मध्येच एखादं कुत्रं, सगळं स्वच्छ दिसतं.

आमच्याकडे हे 11 सामन्यांत 7 वेळा झालं. सातवा गोल गेला त्या रात्री मी कार्ड, कॅमेरा, पॉवर बँक सगळं जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो, आणि पुढचे दोन रविवार फक्त या बिघाडाला दिले. जे सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण शोधायला गेलं की ‘कार्ड बदलून बघा’ याच्या पुढे कुणी जात नाही, आणि माझे दोन कार्डांचे पैसे त्यातच गेले.

आम्ही ग्वाल्हेरचे, इथल्या लष्कर भागात तीन पिढ्या. माझं काम पंप आणि मोटर दुरुस्तीचं. लेक गोलकीपर आहे. शाळेतल्या, कॉलेजातल्या आणि नोकरी लागलेल्या अशा वीसेक मुली दर रविवारी सकाळी खेळतात. आमच्या गावाला हॉकी नवी नाही. इथे 2006 पासून राज्याची महिला हॉकी अकादमी आहे, आणि कॅप्टन रूपसिंगांचं तर हे गावच. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असं हरवलं, त्यातले 10 गोल एकट्या रूपसिंगांचे. आज त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर क्रिकेट होतं. तिथेच 24 फेब्रुवारी 2010 ला सचिनने एकदिवसीय सामन्यात नाबाद 200 केले, आणि त्यातला प्रत्येक फटका आजही पोरांना मोबाइलवर बघता येतो. आमच्या मुलींनी रूपसिंगांचे गोल आकड्यांतच ऐकलेत. म्हणून मला वाटत होतं की या पोरींचा गोल तरी त्यांना स्वतःला पाहता यावा. गोल करणारीला आनंदासाठी, आणि माझ्या लेकीला आपला डावा पाय उशिरा का पडला हे कळण्यासाठी. कीपरला बाजूच्या मोबाइलवरून काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही. तिला मागून पाहिजे.

मांडणी अशी होती. स्वस्तातला अ‍ॅक्शन कॅमेरा, गोलच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेला शिकंजा लावून बसवलेला. कॅमेऱ्याची आतली बॅटरी मे महिन्यात फुगली म्हणून काढून टाकली होती. फुगलेली बॅटरी कधीही परत घालू नका, हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून कॅमेरा नुसत्या पॉवर बँकेवर चालत होता. पॉवर बँक पिशवीत घालून खांबाच्या पायथ्याशी ठेवलेली, तिथून दोन मीटरची वायर वर आणलेली.

या मांडणीतच बिघाड पूर्ण लिहिलेला आहे, पण तो मला दिसायला वेळ लागला.

शेवटची फाइल आधी तपासा

सगळ्यात पहिला संशय कार्डावर जातो. दुसरा उन्हावर. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यामुळे कॅमेरा तापून बंद पडला असेल असं कुणीही म्हणेल. तिसरा संशय 4 जीबीच्या मर्यादेवर. 32 जीबीपर्यंतचं कार्ड बहुधा फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, त्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून कॅमेरा तिथे फाइल तोडून नवी सुरू करतो. काही कॅमेरे या सांध्यावर अडखळतात हे खरं आहे. पण आमची 15 मिनिटांची फाइल 3 जीबीच्या आसपास जायची, सांधा यायचाच नाही.

हे तिन्ही संशय वेगवेगळे करायला एक सोपी खूण आहे, आणि ती मला आधी माहीत असती तर कार्डं विकत घेतलीच नसती. कॅमेरा बंद पडला तेव्हाची शेवटची फाइल उघडते की नाही ते बघा.

तापून बंद पडणारा कॅमेरा सहसा आधी फाइल मिटवतो आणि मग झोपतो. आतली बॅटरी संपली तरी तसंच. कार्ड हळू असेल तर रेकॉर्डिंग थांबतं, पडद्यावर कार्डाची तक्रार येते, पण कॅमेरा चालूच असतो. या तिन्ही वेळा शेवटची फाइल शक्यतो उघडते. शेवटची फाइल मोडकी आणि कॅमेरा पूर्ण मेलेला, असं दोन्ही एकदम दिसलं तर वीज अचानक गेली असं समजा.

कारण असं आहे. एमपी-4 फाइलमध्ये चित्र आणि आवाज आधी लिहिले जातात आणि कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका अगदी शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. त्याआधीच वीज गेली तर चित्रं कार्डावर असतात, पण अनुक्रमणिका नसते. प्लेअरला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. म्हणून एका क्षणाचा झटका आख्खा क्वार्टर खातो. गोलच्या आधीची चौदा मिनिटंसुद्धा.

फळीवर चेंडू मारून बघितलं

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक येऊन सांगतं की मोटर चालू करताना ट्रिप होते, एरवी चालते. मग मी मोटर उघडत नाही. आधी टर्मिनलचे नट आवळून बघतो. जो बिघाड ठरावीक क्षणी येतो, त्या क्षणी काय हलतं, काय वाढतं, काय तापतं ते बघायचं, ही आमची रीत. कॅमेऱ्याच्या बाबतीत तो क्षण स्पष्ट होता. फळीवर चेंडू.

हॉकीच्या गोलची मागची आणि बाजूची फळी 460 मिलिमीटर उंच असते. पेनल्टी कॉर्नरला पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर तो या उंचीच्या वर जाता कामा नये असा नियमच आहे, त्यामुळे चांगला कॉर्नर फळीवरच वाजतो. आमच्या मैदानावर फळीला फट्टा म्हणतात आणि कोच ओरडतात तेही ‘फट्टा बजाओ’ असंच. म्हणजे मी कॅमेरा नेमका अशा जागी बसवला होता, जिथे मारायला मुलींना शिकवलं जातं.

चेंडूचं वजन 156 ते 163 ग्रॅम. ताशी 72 किलोमीटर वेगाने आला, म्हणजे सेकंदाला 20 मीटर, तर त्यात सुमारे 32 ज्यूल ऊर्जा असते. सव्वातीन किलोचं वजन एक मीटर उंचीवरून फळीवर पडावं, तितका हा दणका. शिकंजा फळीलाच धरलेला असल्यामुळे तो सगळा कॅमेऱ्याच्या अंगात जायचा.

रविवारी दुपारी मैदान मोकळं होतं. लेक आणि तिची मैत्रीण सहा-सात पावलांवरून चेंडू मारत होत्या, मी बाजूला पोटावर झोपून कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे बघत होतो. पहिले चार चेंडू काही नाही. पाचव्याला दिवा गेला. पुन्हा चालू केला. अकराव्याला गेला. सतराव्याला पुन्हा. वीस चेंडूंत तीनदा.

“बाबा, फळीवर जोरात बसला की जातोय, जाळीत गेला की नाही,” लेक म्हणाली.

मग चेंडू बाजूला ठेवला. कॅमेरा चालू करून वायरच्या पिनेला बोटाने अगदी हलकं खाली ढकललं. दिवा गेला. वर उचललं तर काही नाही. खाली ढकललं की परत गेला.

पिन काढून मोबाइलच्या टॉर्चखाली धरली. मायक्रो यूएसबीच्या पिनेच्या एका अंगाला दोन बारीक स्प्रिंगचे दात असतात, ते सॉकेटच्या कडेला अडकून पिन धरून ठेवतात. आमच्या पिनेचा एक दात घासून सपाट झालेला, दुसरा आत दबलेला. म्हणजे पिन सॉकेटमध्ये नुसती टेकलेली होती. त्यात दोन मीटर वायरीचं ओझं खाली ओढतंय. दणका बसला की वायर झोका घ्यायची, पिन केसभर खाली जायची, डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज जाऊन परत यायची. आत बॅटरी नाही म्हणजे तेवढा क्षण पेलायला कुणी नाही. कॅमेरा मेला. आणि आमची पॉवर बँक अशी की मागणी थांबली की स्वतःच झोपते, परत बटण दाबल्याशिवाय उठत नाही.

वायरीचा आणखी एक दोष निघाला. तिच्या सालीवर बारीक अक्षरांत 28 एडब्ल्यूजी छापलं होतं. हे तारेच्या जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. इतक्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण 0.21 ओहम असतो. दोन मीटर जायचे, दोन यायचे, मिळून 0.85 ओहम. कॅमेरा 0.6 अँपिअर घेत असेल तर अर्धा व्होल्ट वायरीतच संपतो. पॉवर बँकेतून 5 निघाले तर कॅमेऱ्याला साडेचारच पोचतात. असा कॅमेरा आधीच काठावर चालतो, त्याला धक्का पुरतो. 24 एडब्ल्यूजीची वायर असती तर तेवढ्याच लांबीत 0.2 व्होल्ट गेले असते. वायर घेताना जाडी बोटाने बघू नका, साल जाड असू शकते. छापलेला आकडा वाचा.

काय बदललं

पहिली गोष्ट, आतली बॅटरी नवी आणून घातली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारा उपाय हाच. बाहेरची वीज क्षणभर गेली तरी आतली बॅटरी सांभाळून घेते.

पण तेवढ्याने काम झालं नाही, आणि इथे बरेच जण फसतील म्हणून सांगतो. नवी बॅटरी घालून पुन्हा वीस चेंडू मारले, तर दोनदा रेकॉर्डिंग थांबलंच. या वेळी फाइल मात्र उघडत होती. म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःहून, शांतपणे फाइल मिटवली होती. मेनू चाळला तेव्हा आत ‘कार मोड’ चालू सापडला. हे कॅमेरे गाडीच्या काचेवरही लावता यावेत म्हणून ही सोय दिलेली असते. बाहेरून वीज आली की गाडी सुरू झाली असं समजून रेकॉर्डिंग चालू, वीज गेली की गाडी बंद झाली असं समजून रेकॉर्डिंग बंद. पिन हलली की आमचा कॅमेरा म्हणायचा, गाडी थांबली. कार मोड बंद केला. पुढच्या वीस चेंडूंत एकदाही काही झालं नाही.

दुसरी गोष्ट, जागा. फळीवरून कॅमेरा काढला आणि वर, जाळी जिथे मागे बांधतात त्या आडव्या पाइपवर नेला, जाळीच्या बाहेरून. तिथून तो खाली गोलरेषेकडे बघतो. आडव्या दांड्यापासून हा पाइप 90 सेंटिमीटर मागे आहे, गोलची उंची 2.14 मीटर आणि रुंदी 3.66. मधोमध बसवला तर गोलरेषेची दोन्ही टोकं चित्रात बसायला सुमारे 80 अंशांचा कोन लागतो, आणि या कॅमेऱ्यांची भिंग त्याहून पुष्कळ रुंद असतात. कीपरची पाठ, दोन्ही पाय, रेषा आणि डीमधली गर्दी एकाच चित्रात येते. फळीवरून मला फक्त पॅड दिसायचे.

शिकंजाही बदलला. पाइपवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तीन वेढे, त्यावर दोन जुबली क्लिपा (स्क्रूने आवळायचे गोल पट्टे), त्यांना धरून लोखंडी पट्टी, पट्टीवर कॅमेरा. मेहुण्यांनी त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात पट्टी वाकवून दिली. आधी मी जाड स्पंज घातला होता, तो काढून टाकला. स्पंजावर कॅमेरा दणका कमी खातो, पण नंतर दोन-दोन सेकंद डोलत राहतो, आणि गोलचं चित्र नेमकं त्या डोलण्यात जातं. मोटरच्या पायाखाली आपण कडक रबर घालतो, गादी घालत नाही, तोच हिशेब इथे. कॅमेऱ्याला वेगळी नायलॉनची दोरी बांधून ती पाइपला गाठ मारून ठेवतो. क्लिप सुटली तरी कॅमेरा लेकीच्या डोक्यावर पडता कामा नये. हेल्मेट असलं तरी. सामन्याआधी अंपायरना जवळ नेऊन हे सगळं दाखवतो, त्यांनी हलवून बघितलं की मगच चालू करतो. गोलच्या आत, जाळीच्या अलीकडे, काहीही लावायचं नाही. यात मी कुणाचं ऐकत नाही.

तिसरी गोष्ट, वायर. दोन मीटरची टाकली, 30 सेंटिमीटरची घेतली. पॉवर बँक कॅमेऱ्याशेजारीच त्याच पट्टीला बांधली. काटकोनात वळलेली पिन मिळते ती घेतली, म्हणजे वायरीचं ओझं पिनेला उपटत नाही. पिनेपासून दोन बोटांवर केबल टायने वायर पट्टीला आवळली आणि मध्ये छोटा वळसा सैल ठेवला. धक्का आला तर वळसा हलेल, पिन नाही. कॅमेऱ्याचं सॉकेटही ढिलं होतं, ते लष्करातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतलं. नवीन पिन जुन्या ढिल्या सॉकेटमध्ये घालून उपयोग नाही.

खरं सांगायचं तर आता मी पॉवर बँक फक्त लागोपाठ दोन सामने असतील तेव्हाच लावतो. पंधराच्या चार क्वार्टरच्या एका सामन्याला दोन बॅटऱ्या पुरतात. हाफटाइमला बाजू बदलतात, तेव्हा कॅमेरा समोरच्या गोलवर न्यायचाच असतो, त्याच वेळी बॅटरी बदलतो. जी वायर नाहीच, ती हलणारही नाही.

चौथी गोष्ट लहान आहे, पण तिने मला सर्वांत जास्त दिलासा दिला. मेनूत लूप रेकॉर्डिंग असतं, ते 3 मिनिटांवर ठेवलं. कॅमेरा दर तीन मिनिटांनी फाइल मिटवून नवी उघडतो. उद्या कशानेही तो बंद पडला तरी तीन मिनिटंच जातील, पंधरा नाही. मात्र कार्ड भरलं की लूप जुन्या फाइली पुसत जातं, म्हणून प्रत्येक सामन्याआधी कार्ड रिकामं हवं. आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, लॅपटॉपवर नाही.

फाइल उघडते, पण चेंडूच दिसत नाही

हा वेगळा त्रास, पण पहिला सुटला की लगेच समोर येतो. सेकंदाला 20 मीटर जाणारा चेंडू, सेकंदाला 30 चित्रं घेतली तर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत 67 सेंटिमीटर पुढे जातो. 60 चित्रांना 33 सेंटिमीटर. 120 ला 17. चेंडूचा व्यास जेमतेम सव्वासात सेंटिमीटर आणि गोलरेषा साडेसात सेंटिमीटर रुंद. चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला तरच गोल, त्यामुळे 30 चित्रांवर ‘गेला की नाही’ याचं उत्तर मिळेलच असं नाही. एका चित्रात चेंडू रेषेच्या अलीकडे, पुढच्यात जाळीत.

म्हणून 4के विसरा. स्वच्छ उजेड असेल तर 720पी वर 120 चित्रं, संध्याकाळी 1080पी वर 60. लोकांना 4के सोडवत नाही, पण हॉकीच्या गोलला बारकाव्यापेक्षा चित्रांची संख्या जास्त लागते. 4के वर कॅमेरा तापतोही लवकर.

चेंडू पांढऱ्या रेघेसारखा लांबट दिसत असेल तर शटर हळू आहे. 1/60 सेकंदात चेंडू 33 सेंटिमीटर सरकतो, तेवढी लांब रेघ उमटते. 1/1000 ला 2 सेंटिमीटर. स्वस्त कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नाही, तो उजेड बघून स्वतः ठरवतो. त्याला फसवायचं एकच साधन, एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या खाली आणणं. चित्र थोडं काळवंडतं, चेंडू मात्र गोल दिसतो. फळीची आतली बाजू गडद रंगाची ठेवतात, ती इथे कामाला येते. आमच्या फळीचा रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं, मुलींनीच एका रविवारी काळपट हिरवा रंग मारला आणि पांढरा चेंडू एकदम उठून दिसायला लागला.

बाकीचं थोडक्यात. फ्लडलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर मेनूत 60 हर्ट्झ आहे ते 50 करा, आपली वीज 50 ची आहे. दणक्याला चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर स्थिरीकरण बंद करा. गोल जागचा हलत नाही, आणि ते सॉफ्टवेअर दणक्याला हालचाल समजून चित्र उलट्या बाजूला ओढतं. जानेवारीच्या धुक्यात कॅमेऱ्यावरच्या बंद डबीची काच आतून धुरकटते. घरातली उबदार दमट हवा डबीत कोंडून आणली की ती बाहेरच्या गार काचेवर जमते. मैदानावर पोचल्यावर डबी उघडी ठेवून वीस मिनिटं थांबा, सिलिका जेलची पुडी आत टाका, मग बंद करा.

आइस हॉकीच्या गोलवर

माझा भाचा नोकरीनिमित्त लेहला असतो. तिकडे हिवाळ्यात पोरं बर्फावर हॉकी खेळतात, आणि त्याने माझं बघून त्यांच्या गोलवर कॅमेरा लावला. त्याचा फोन आला तो याच तक्रारीचा. “मामा, पक लागला की कॅमेरा जातो.” पकचं वजन साधारण 170 ग्रॅम, म्हणजे आपल्या चेंडूपेक्षा किंचितच जास्त, आणि तो कडक रबराचा. खांबावर बसला की आख्खी चौकट झणझणते. कारण तेच निघालं, ढिली पिन.

तिथे दोन गोष्टी वेगळ्या. एक, आइस हॉकीचा गोल खुंट्यांवर बसवलेला असतो आणि खेळाडू येऊन आदळला तर तो सुटून सरकावा अशीच त्याची रचना असते, म्हणजे इजा कमी होते. त्यामुळे पॉवर बँक बाहेर ठेवून वायर गोलपर्यंत आणणं साफ चूक. गोल सरकला की वायर ताणते, आणि तीत कुणाचा स्केट अडकू शकतो. जे लावायचं ते चौकटीवरच. दोन, थंडीत लिथियम बॅटरीची ताकद उतरते आणि साध्या पीव्हीसी वायरीची साल काठीसारखी ताठ होते. ताठ वायर वळसा घेत नाही, दणका सरळ पिनेवर टाकते. त्याला सिलिकॉनच्या सालीची वायर घ्यायला सांगितली, आणि बॅटऱ्या सामन्यापर्यंत आतल्या खिशात ठेवायला. तेव्हापासून त्याचा फोन तक्रारीसाठी आलेला नाही.

मोडक्या फाइली टाकू नका

कार्ड फॉरमॅट करायच्या आधी हे वाचा. वर सांगितलं की चित्रं कार्डावर असतात, अनुक्रमणिका तेवढी नसते. ती अनुक्रमणिका नव्याने बांधणारं अनट्रंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला मोडकी फाइल द्यायची आणि सोबत त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाइल द्यायची. चांगल्या फाइलचा साचा बघून ते मोडकीची जुळणी करतं. सेटिंग वेगळं असेल तर जमत नाही, म्हणून कुठल्या सामन्याला काय सेटिंग होतं ते वहीत लिहून ठेवा. आणि काम मूळ फाइलवर नाही, तिच्या नकलेवर करा. फाइल शून्य केबी दाखवत असेल तर ती अनट्रंकला देऊन उपयोग नाही. तिच्यासाठी आधी कार्डावरून पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, आणि तोवर त्या कार्डावर एकही नवा व्हिडिओ काढू नका.

माझ्या सात फाइलींपैकी चार उघडल्या. दोन शून्य केबीच्या होत्या, एकीत फक्त आवाज आला, ठाक आणि मग पोरींचा गलका. उघडलेल्या चारांत एक गोल आमच्या सर्वांत लहान खेळाडूचा आहे, नववीतली मुलगी, रिव्हर्स स्टिकने, म्हणजे स्टिक उलटी करून, मारलेला तिचा पहिला गोल. वडिलांची बदली झाली आणि ती जबलपूरला गेली, तो गोल तिने कधी पाहिला नव्हता. त्या रात्री लेकीने तो तिला पाठवला. पाच मिनिटांनी तिचा व्हॉइस मेसेज आला, “ताई, परत एकदा पाठव ना, स्लो करून.”

आम्ही 720पी ची फाइल चौपट हळू करून पाठवली. त्यात चेंडू रेषेवर आणि रेषेपलीकडे, दोन्ही चित्रांत स्वच्छ दिसतो.